केक जमतोय पण कस्टमर जमत नाहीत? घरातनं केक करणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी, मी बेळगावातनं बोलतेय, माझ्याच स्वयंपाकघरातनं, मागं फ्रीजचा आवाज येईल तेवढा सांभाळून घ्या कारण आज शुक्रवार आहे आणि उद्याचे 4 केक आत सेट व्हायला ठेवलेत. गेल्या महिनाभरात खानापूर, निपाणी, चिकोडी अशा बऱ्याच ठिकाणच्या मैत्रिणींचे मेसेज आले आणि सगळ्यांचं दुखणं एकच, अक्का, केक छान होतोय हो, पण कस्टमर सांभाळायला जमत नाहीत. कुणाचे पैसे बुडवलेत, कुणाला रात्री 11 वाजता फोन येतोय, एका ताईंनी तर ह्या वादापायी काम बंद करायचं ठरवलंय. ते वाचून मला लई वाईट वाटलं, म्हणून आज रेसिपी नाही, आज फक्त ह्याच विषयावर बोलूया.

आधी माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. एप्रिल महिना, बारशाचा केक, 2 किलो पायनॅपल, वर क्रीमची फुलं. दुपारी 1 वाजता बाळाच्या आईचे दीर येऊन घेऊन गेले, कार्यक्रम संध्याकाळी 7 चा, तो पण खानापूर रोडला. रात्री पावणेदहाला फोटो आला, केकची एक बाजू खाली घसरलेली, फुलं बोर्डवर पडलेली, आणि खाली मेसेज, "असला केक देतात काय, पाहुण्यांत आमची शोभा झाली, सगळे पैसे परत पाहिजेत." माझे हात थरथरत होते खरंच. मी भराभरा मोठा मेसेज टाईप केला की माझं क्रीम चांगलं होतं, मी एवढी वर्षं करते, आजपर्यंत कुणाची तक्रार नाही, आणि पाठवायच्या आधी नवरा म्हणाला थांब, आधी पाणी पी. ते बरं झालं. मग मी एवढंच लिहिलं, "ताई, फोटो बघून मलाही वाईट वाटलं. दुपारपासून केक कुठं ठेवला होता तेवढं सांगता का?" उत्तर आलं, हॉलमधे टेबलावर, डेकोरेशनसोबत, फोटो चांगले यावेत म्हणून.

एप्रिलची दुपार, वर फोकस लाईट, आणि सहा तास. आता क्रीम म्हणजे काय असतंय, फॅट आणि त्यात आपण फेटून भरलेली हवा. गार आहे तोवर ते फॅट घट्ट असतंय, हवा धरून ठेवतंय, गरम झालं की मऊ पडतंय, हवा निघून जातीय आणि मग फुलांचं वजन त्याला पेलत नाही. हे तुम्हाला मला ठाऊक आहे, त्या बाळाच्या आईला कसं ठाऊक असणार? मी सांगितलं होतं फ्रीजमधे ठेवा म्हणून, पण कुणाला, तर दिराला, आणि तो माणूस तेव्हा कानाला फोन लावून उभा होता. म्हणजे सांगणं झालं पण पोचलं नाही, आणि ती चूक माझी. मी पूर्ण पैसे परत केले नाहीत, कारण केक देताना तो चांगला होता, पण दुसऱ्या दिवशी बाळाच्या नावाचा अर्धा किलोचा केक करून स्वतः नेऊन दिला. त्या परत माझ्याकडं आल्या नाहीत. त्यांच्या जाऊबाई आल्या, दोन महिन्यांनी.

त्या दिवसापासनं हे बघा, (बॉक्स कॅमेऱ्याजवळ धरून) झाकणावर हा स्टिकर असतोय. वर मराठीत, खाली कन्नडमधे, "फ्रीजमधे ठेवा. कापायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. गाडीत सपाट जागेवर ठेवा, मांडीवर नको." कन्नड मला आमच्या शेजारच्या अक्कांनी लिहून दिलंय कारण माझं बोलणं चालतंय पण लिहिणं कच्चं आहे. आणि दुसरी गोष्ट, केक देताना बॉक्स उघडायचा, घ्यायला आलेल्या माणसासमोर चारी बाजूनं फिरवून दाखवायचा, दहा सेकंदाचा व्हिडिओ काढायचा आणि तिथंच उभ्या उभ्या ज्यांनी ऑर्डर दिली त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा, फ्रीजची सूचना पण त्याच मेसेजमधे. त्यांनी "ओके, मस्त" असं काही लिहिलं की मगच केक दाराबाहेर. ह्यात समोरच्यावर अविश्वास दाखवतोय असं मुळीच वाटून घेऊ नका, उलट त्यांनाच बरं वाटतंय.

आता माझं जे खरं सांगणं आहे ते हे की बहुतेक भांडणं केक दिल्यावर सुरू होत नाहीत, ऑर्डर घेतानाच त्याचं बी पडलेलं असतंय. फोनवर "हो हो करते, बघते" म्हणून सोडलं की संपलं. फोनवर कितीही बोला, शेवटी व्हॉट्सॲपवर लेखी पाहिजे. तारीख, वेळ, वजन, फ्लेवर, एगलेस की अंड्याचा, घरी कुणाला काजू-बदामाची ॲलर्जी आहे का, आणि केकवरचं नाव. नाव त्यांच्याच हातानं टाईप करून घ्यायचं. माझी इथं एकदा चूक झाली, आरव नावात इंग्लिशमधे सुरुवातीला ए एक की दोन हे मी विचारलं नाही, माझ्या मनानं घातलं, आणि आजोबा म्हणाले आमच्या नातवाचं नाव असं नाही. त्यात वाद घालायला जागाच नव्हती, मी तिथल्या तिथं क्रीम काढून परत लिहून दिलं आणि 200 रुपये कमी घेतले. आपली चूक असेल, नाव चुकलं, फ्लेवर बदलला, क्रीमला वास आला, तर एक शब्द न बोलता पैसे परत द्यायचे. तेवढं केलं की जिथं आपली चूक नाही तिथं आपल्याला ताठ बोलता येतंय.

फोटोंचं एक आहे. इंटरनेटवरचा फोटो पाठवतात, तीन मजली, फॉन्डंटचा, म्हणजे साखरेचा गोळा लाटून वर गुंडाळलेला, आणि म्हणतात अस्साच पाहिजे, बजेट 1 किलोचं. मी लगेच नाही म्हणत नाही, मी विचारते ह्यातलं तुम्हाला नक्की काय आवडलं? बऱ्याचदा त्यांना फक्त रंग आवडलेला असतोय नाहीतर वरची ती छोटी परी. मग तेवढं 1 किलोत करता येतंय. आणि "असाच" हा शब्द आपण कधी लिहायचा नाही, "ह्या धर्तीवर" लिहायचं. काळा आणि गडद लाल रंग मागितला तर आधीच सांगून ठेवा की रंग जास्त घातला की कडवट लागतंय आणि तोंड रंगतंय. रात्रभरात तो अजून गडद होतोय, म्हणून आदल्या दिवशी पाठवलेल्या फोटोत आणि केकमधे फरक दिसणार. आणि जुलैत आपल्याकडं जो धो धो पाऊस असतोय त्यात फॉन्डंट चिकट होतंय, फ्रीजमधनं काढलं की त्याला घाम फुटतोय, मी पावसाळ्यात पूर्ण फॉन्डंटचा केक घेतच नाही, ऑर्डर गेली तर गेली.

एगलेसवरनं खूप जणी चिडलेल्या दिसल्या मला, भांडी वेगळी आहेत का, ओव्हन वेगळा आहे का असं विचारतात म्हणून. त्याला त्रास देणारा कस्टमर म्हणू नका. आपल्या भागात लिंगायत घरं आहेत, जैन घरं आहेत, आपल्यातही श्रावण पाळणारे आहेत, त्यांचा तो हक्क आहे विचारायचा. माझ्याकडं बीटर आणि टिन वेगळे आहेत पण ओव्हन एकच आहे, आणि मी ते स्पष्ट सांगते. काही जण नको म्हणतात. चालतंय.

पैशाचं बोलूया. "स्वल्प कडिमे माडी अक्का", म्हणजे थोडं कमी करा अक्का, काय किंवा "किती रेट लावूलाय तुम्ही, बेकरीत 500 ला मिळतंय" काय, भाव करणं हे काही पाप नाही, आपण पण रविवार पेठेत करतोच की. मी बेकरीला नावं ठेवत नाही, त्यांचा धंदा वेगळा आहे, ते दिवसाला कितीतरी काढतात आणि मी एक एक करते. मी म्हणते, "500 मधे माझा अर्धा किलोचा छान होईल, तो देऊ?" रेट तोच ठेवायचा, केक लहान करायचा. आणि वजनावरनं वाद नको असेल तर आधी रिकामा बोर्ड काट्यावर ठेवून फोटो काढा, मग तयार केक बोर्डसकट, दोन्ही फोटो पाठवा.

ॲडव्हान्स निम्मा, आणि तो आल्याशिवाय तारीख लिहायची नाही, मग ती सख्खी नणंद असली तरी. हे सगळ्यात अवघड आहे मला माहितीय. "घरचीच की तू, पैसे काय मागतीस" असं म्हणतात, आणि डोहाळजेवण असतंय, 3 किलोचा केक असतोय, आपण रात्री 2 पर्यंत जागतोय. मी आता माझ्या माणसांना आहेर म्हणून वर्षातनं ठरावीक केक देते, मनापासून देते, पण तो आहेर आहे हे आधीच सांगून देते. बाकीच्या ऑर्डरी म्हणजे काम.

आणि ही एक गोष्ट नीट ऐका. फोन येतो, हिंदीत बोलतात, मैं आर्मी से बोल रहा हूँ, युनिटचा कार्यक्रम आहे, 10 किलो केक पाहिजे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच आहे, कॅम्पात जवान रोज दिसतात, त्यामुळं आपल्याला ते चटकन खरं वाटतंय. ओळखपत्राचा फोटो पण पाठवतात. मग म्हणतात आमचं पेमेंट वेगळ्या पद्धतीनं होतंय, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. बायांनो, पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही, पिन टाकला की तुमच्या खात्यातनं पैसे जातात. स्क्रीनशॉटवरही विश्वास ठेवू नका, स्वतःच्या बँकेच्या ॲपमधे पैसे आलेले दिसले पाहिजेत. फसलात तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, 1930 ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकं ते पैसे अडवायला सोपं जातंय.

राहिला नकार. घर आहे आपलं, दुकान नाही, शटर ओढायची सोय नाही, म्हणून कुणीही रात्री साडेनऊला बेल वाजवतंय. माझे एक कस्टमर होते, दर वेळी ठरल्यापेक्षा दोन तास उशिरा यायचे, पैसे देताना शंभर कमी द्यायचे, आणि माझ्या सासूबाईंशी चढ्या आवाजात बोलले एकदा. केकवरनं बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पुढच्या वेळी त्यांची ऑर्डर आली तेव्हा मी लिहिलं, "नमस्कार दादा, यापुढं मला तुमच्या ऑर्डरी घेता येणार नाहीत. वाढदिवसाच्या शुभेच्छा." कारण लिहिलं नाही, कारण दिलं की चर्चा सुरू होतीय. तीनदा टाईप करून पुसलं, आता हे गल्लीभर सांगत सुटतील असं वाटत होतं, शेवटी देवाचं नाव घेऊन पाठवलं आणि फोन उलटा ठेवून कणीक मळायला घेतली.

दहा मिनिटांनी बघितलं तर उत्तर आलं होतं. "ओके मॅडम."