‘उद्दिष्ट’ हा रकाना कोणी भरायचा?

(कॅनडातल्या एडमंटनमधल्या मराठी शाळेच्या पालक मेळाव्यातील भाषण. संकेतस्थळासाठी थोडे संपादित.)

नमस्कार मंडळी.

आपल्या प्रवेशाच्या फॉर्मवर ‘या वर्षीचं उद्दिष्ट’ असा एक रकाना आहे. मेळाव्याच्या तयारीसाठी यंदाचे फॉर्म चाळले. ‘आजी-आजोबांशी मराठीत बोलता यावं.’ ‘अस्खलित वाचन.’ ‘आपली संस्कृती कळावी.’ हस्ताक्षर सगळीकडे आईचं, नाहीतर बाबांचं. इच्छा चांगल्याच आहेत, प्रश्नच नाही. पण संस्कृती कळावी म्हणून आठ वर्षांच्या पोरानं येत्या रविवारी नेमकं काय करायचं, हे मलाही सांगता येणार नाही.

जवळच्या एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानात बायसन बघायला आपण सगळेच जातो. यलोहेड हायवेनं तसंच पुढे गेलं की मुंडेअर लागतं. बहुतेकांना ते तिथल्या अवाढव्य सॉसेजच्या पुतळ्यामुळे ठाऊक असतं. त्याच गावात १९२५ साली अल्बर्ट बँड्युरा जन्मले. पुढे ते स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले आणि मानसशास्त्रात फार मोठं नाव कमावलं. त्यांच्या लहानपणी गावात शाळा एकच होती आणि हायस्कूलचा सगळा अभ्यासक्रम दोन शिक्षकांवर चालायचा. मुलांना बरंचसं आपलं आपणच शिकावं लागे.

या बँड्युरांनी डेल शंक यांच्यासोबत केलेला एक प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. सात ते दहा वर्षांची मुलं, वजाबाकीत कच्ची आणि गणिताचा कंटाळा असलेली. वजाबाकीची ४२ पानं, सात बैठका. काही मुलांना सुचवलं, रोज सहा पानं करायची असं ठरवून बघ. काहींना सांगितलं, शेवटच्या बैठकीपर्यंत ४२ पानं पूर्ण करायचं ध्येय ठेव. आणखी काहींना ध्येय वगैरे काहीच दिलं नाही. आता सहा सत्ते बेचाळीसच, काम तेवढंच. पण रोज सहा पानंवाली मुलं वजाबाकीत कितीतरी पुढे गेली, आणि नंतर मोकळीक दिल्यावर आपण होऊन वजाबाकी करायला बसली. ४२ पानांचं लांबचं ध्येय दिलेल्या मुलांना मात्र ध्येय असल्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. आपल्या फॉर्मवरची उद्दिष्टं सगळी त्या ४२ पानांच्या जातीची आहेत. मला तर ‘सुचवलं’ हेही महत्त्वाचं वाटतं. लादलं नव्हतं.

आमच्या वर्गात एका मुलीला विचारलं, तुला काय जमायला हवंय? ती म्हणाली, “रीडिंग.” म्हटलं, कुठे अडतेस ते दाखव. तिनं पुस्तक उघडून बोट ठेवलं ‘सूर्य’वर, मग ‘ट्रक’वर, मग ‘दऱ्या’वर. म्हणजे वाचन तिला येत होतं, छळत होता तो र! कधी डोक्यावर बसतो, कधी पायात घुटमळतो, कधी ट-खाली टोपी घालून उभा, कधी य-च्या आधी आडवा. तिनंच ठरवलं, या आठवड्यात फक्त रफार. वहीत दोन रकाने आखले, ‘अडले’ आणि ‘नाही अडले’. मार्ग, गर्व, पर्वत, वर्ग. रोज पाच शब्द वाचायचे आणि खूण आपली आपण करायची. बुधवारी सगळेच शब्द ‘अडले’मध्ये होते. तिनं ते खोडलं नाही, रबरही मागितलं नाही. गुरुवारी तेच शब्द पुन्हा घेतले. मला त्या वहीतलं सगळ्यात आवडलेलं पान ते.

आता आपल्याकडे बघू. वही दिसली की आपला हात तिच्याकडे जातो. “बघू, किती झालं? एवढंच?” झालं, त्या क्षणी ती मुलाची वही राहत नाही, आपलं प्रगतिपुस्तक होतं. मग सगळ्या खुणा ‘नाही अडले’मध्येच पडतात, कारण पोरं हुशार आहेत. प्रत्येक खुणेला आयपॅडची दहा मिनिटं बक्षीस लावली तरी तेच होतं. इथल्या बऱ्याच शाळांत पालकसभेला मूल स्वतः आपलं काम आई-बाबांना समजावून सांगतं. ती पद्धत मला फार पसंत आहे. मूल वही घेऊन येईल तेव्हा बघायची आणि विचारायचं, “पुढच्या आठवड्यात काय घेणार?” ठरवलेलं झेपलं नाही, तर पाचाचे तीन शब्द करायचे. त्यात कमीपणा नाही. आणि खूपच सोपं गेलं, तर मूलच कंटाळून वाढवतं.

हायस्कूलच्या मुलांबद्दल आज बोलत नाही. त्यांना उद्दिष्टं विचारण्याआधी त्यांचं कॅलेंडर बघावं लागतं.

तर फॉर्म बदललाय. ‘उद्दिष्ट’ हा रकाना आता मुलानं स्वतः भरायचा, एका आठवड्यापुरता, आणि मराठी-इंग्रजीची खिचडी झाली तरी चालेल. कोरे फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहेत, पेन्सिलीही आहेत. पेन मुद्दाम ठेवलेलं नाही, मत बदलतं पोरांचं. आई-बाबांसाठी खाली सहीपुरती जागा सोडली आहे.