दोरी धरणाऱ्या पेशी

नमस्कार श्रोतेहो. २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना मिळाले. त्यांच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी ज्या नियामक टी पेशी आहेत, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. टी पेशी जंतूंशी लढतात हे आपण जाणताच. त्यांच्यातल्या काही मात्र चुकून आपल्याच शरीरावर उठतात, आणि त्यांना आवरून धरण्याचे काम या नियामक पेशी करतात. साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या, तर ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये या पेशींना नियामकपण देणारे फॉक्सपी३ हे जनुक शोधले. हे जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच जुलाब, मधुमेह आणि त्वचेचा दाह गाठतो. पण अशा पेशी शरीरात असणे पुरेसे नसते, त्यांनी नियामकच राहायला हवे. त्या तशा कशा राहतात, हा माझा आजचा विषय आहे, आणि त्यासाठी मला तुम्हांला चाळीसेक वर्षांपूर्वीच्या लक्ष्मी रस्त्यावर न्यायचे आहे.

विसर्जन मिरवणुकीत पथक आणि गर्दी यांच्यामध्ये जाड दोरी धरलेली असते, ती धरण्याचे काम मी कॉलेजात असताना सलग तीन वर्षे केले. दोरी धरणाऱ्याला जागा सोडता येत नाही, त्यामुळे पाण्याचा तांब्या आणि चहाचा पेला आम्हांला ढोल वाजवणारी मुलेच आणून देत असत. ज्यांना आवरायचे, त्यांच्याच हातचे पाणी पिऊन आम्ही उभे राहत होतो. आमच्या वाड्यातले अण्णा दोरीचे प्रमुख होते. ते वयाच्या बाराव्या वर्षापासून दोरीवर होते आणि आम्हांलाही त्यांनी महिनाभर आधीपासून तयार केले होते. एका वर्षी बेलबाग चौकात आमच्यातला एक जण आजारी पडून घरी गेला. तेव्हा बघायला आलेल्या एका मुलाच्या गळ्यात कोणीतरी केशरी उपरणे घातले आणि त्याला रिकाम्या जागी उभे केले. दिसायला तो आता आमच्यासारखाच होता.

पुढे ताशाची तर्री अशी चढली की अंगात कापरे भरावे. त्या नुसत्या कातड्याच्या आवाजात जे आहे ते स्पीकरच्या भिंतींना कधीच साधणार नाही, असे माझे आजही ठाम मत आहे. गर्दी रेटू लागली आणि त्या नव्या मुलाने दोरी टाकून नाचायला सुरुवात केली. तो उभा होता ती जागा बायकामुलांच्या अगदी लगतची होती, कारण संरक्षणाची गरज तिथेच सर्वांत जास्त होती, आणि म्हणून पहिली इजाही तिथेच झाली. एका आजींचा पाय तुडवला गेला. मला हे सांगितलेच पाहिजे की त्या क्षणी माझ्याही हातून दोरी सुटली होती. अण्णांनी नुसती हाक मारली, “अरे, दोरी!” माझे हात आपोआप परत दोरीवर गेले. त्या मुलाला मात्र ती हाक आपल्यासाठी आहे हे कळलेच नाही. उपरणे शेवटी त्याच्या पायाखाली सापडले.

श्रोतेहो, ते उपरणे म्हणजे फॉक्सपी३ आणि महिनाभराची तयारी म्हणजे त्या जनुकाच्या आतल्या एका छोट्या पट्ट्यावरच्या रासायनिक खुणा पुसल्या जाणे. त्या पट्ट्यावर मिथाइल गट, म्हणजे याच खुणा, चिकटलेले असले, तर जनुक आज चालू झाले तरी उद्या बंद पडू शकते. थायमस, म्हणजे शाळेत आपण जिला यौवनलोपी ग्रंथी म्हणायचो, तिथे घडलेल्या नियामक पेशींत हे गट काढून टाकलेले असतात. पेशी दुभंगली तरी ही मोकळीक तिच्या लेकींकडे जाते. याउलट प्रयोगशाळेत साध्या टी पेशींना चेतवून फॉक्सपी३ दाखवायला लावले, तर त्यांच्यात ते गट बहुतांशी तसेच राहतात. पुन्हा सांगतो, फॉक्सपी३ नुसते दिसणे वेगळे आणि ते टिकणे वेगळे. तांब्यातल्या पाण्याची जागा इथे इंटरल्यूकिन-२ या रसायनाला आहे. नियामक पेशी ते स्वतः जवळजवळ बनवत नाहीत. ज्या लढाऊ पेशींना त्या आवरतात, त्यांच्याकडूनच ते त्यांना मिळते आणि ते आटले की त्यांचे फॉक्सपी३ ढळू लागते.

या पेशी खरोखर किती पक्क्या असतात, यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. २००९ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात काही पेशी फॉक्सपी३ गमावून मधुमेह घडवताना दिसल्या, तर २०१० मधल्या दुसऱ्या प्रयोगात त्या दाह असतानाही महिनोन्‌महिने जशाच्या तशा राहिल्या. २०१२ मध्ये उलगडा झाला तो असा, की फॉक्सपी३ गमावणाऱ्यांतल्या बऱ्याच पेशी मुळात पक्क्या नव्हत्याच, आणि ज्या पक्क्या होत्या त्यांनी ते थोडा वेळ गमावले तरी चेतवल्यावर परत मिळवले. संधिवाताच्या उंदरांत इंटरल्यूकिन-६ या दाह वाढवणाऱ्या रसायनाच्या माऱ्याखाली फॉक्सपी३ सोडलेल्या पेशी हाडे झिजवणाऱ्या दाहात सामील होताना दिसल्या आहेत. नियामक पेशींतल्या अनेकींना आपल्याच शरीराची ओळख असते, म्हणून त्या फिरल्या की घाव घरातच बसतो. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिराती ऐकल्या की मला फार वाईट वाटते. संधिवाताच्या रुग्णाला ती वाढवून नको असते, आवरून हवी असते.

कर्करोगात मात्र चित्र उलटे होते. पुष्कळ गाठींभोवती नियामक पेशी दाटीने उभ्या असतात आणि त्यांची स्थिरताच गाठीला वाचवते. तिथे त्यांना ढळवण्याचे प्रयत्न चालू आहेत. स्वयंप्रतिकार आजारांसाठी, म्हणजे शरीर स्वतःवरच उठते अशा आजारांसाठी, मात्र रुग्णाच्याच नियामक पेशी बाहेर वाढवून परत देण्याचे प्रयोग सुरू आहेत. अशा पेशी तयार झाल्यावर फॉक्सपी३ दिसते का हे तर पाहतातच, पण त्या छोट्या पट्ट्यावरचे मिथाइल गट गेले आहेत का, हेही तपासता येते.