बर्फाच्या वाटीतलं झुरळ

[दृश्य: टेबल, बर्फपाण्याची वाटी, चिमटा]

शाळकरी मुलंही करतात तो हा प्रयोग: मिशांना तारा जोडून झुरळ रिमोटने वळवायचं. सुरुवात बर्फाने. बर्फपाण्यात बुडवलेल्या झुरळाच्या आधी मिशा थांबतात, मग पाय. काही मिनिटांत ते निपचित पडतं. त्याला मिळणारी भूल एवढीच.

आता डोक्यामागची ढाल बारीक पॉलिश पेपरने घासायची. तिच्यावर मेणाचा थर असतो. तो राहिला तर सुपरग्लू धरत नाही आणि पाठीवर चिकटवलेला, तारा जोडायचा कनेक्टर निखळतो. छातीला सुईने भोक पाडून अर्थची तार. मग मिशा कापून उरलेल्या नळीत केसाएवढी चांदीची तार सरकवायची. उजव्या मिशीला विजेचा झटका दिला की झुरळ डावीकडे वळतं, जणू उजवीकडे भिंत लागली. पण थोड्याच वेळात त्याला सवय होते आणि ते रिमोटला भीक घालत नाही. करंट वाढवायचा मोह होतो तो नेमका इथे.

मुंबईत वेगळीच पंचाईत. मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, काम अर्ध्यावर असतानाच झुरळ पाय हलवू लागतं. म्हणजे भूल उतरली. थांबायचं, परत बर्फात ठेवायचं. टेबलावर बर्फाची पिशवी अंथरली तर ही वेळ कमी येते. बोटाने दाबून उरकणारेही आहेत.

[दृश्य: ढिगारा]

हा आता नुसता शाळकरी खेळ नाही. मार्च २०२५च्या भूकंपानंतर सिंगापूरने म्यानमारच्या ढिगाऱ्यांत शोधकामासाठी अशी १० मादागास्कर झुरळं उतरवली. त्याआधी २०२२मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाने मेलेल्या कोळ्याचा चिमटा बनवला. कोळ्याचे पाय आतल्या द्रवाच्या दाबाने ताठ होतात, म्हणून सुईतून हवा भरली की ते उघडतात. साधारण हजार वेळा चालतं, मग सांधे सुकतात. कोळी मेलेला खरा, पण याच कामासाठी मारलेला.

दुखतं का? फळमाशीच्या अळीला तापलेली सळई टेकवली की ती गरागरा लोळते. ही प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून सोडून देता येईल. २०२२च्या प्रयोगातल्या भुंगमाश्यांचं (बंबलबी) मात्र तसं करता येत नाही. ५५ अंशांवर तापवलेली साखरपाण्याची जागा त्या टाळत होत्या; पण गोडवा तिथेच जास्त असला, की चटका सोसून जात होत्या. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असा सौदा करत नाही.

[दृश्य: दादरचा मासळी बाजार, नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या]

ब्रिटनने २०२२च्या कायद्यात खेकडे आणि ऑक्टोपस संवेदनशील, म्हणजे सुखदुःख जाणवणारे, मानले. आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तर माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ ठरतो. व्याख्या एवढी ऐसपैस, तरी प्रयोगाच्या परवानगीचा कागद प्रत्यक्षात फिरतो तो उंदीर-सशांसाठी. झुरळाच्या प्रयोगवहीत निदान तीन रकाने हवेत: किती वापरली, किती वेळा बर्फात गेली, नंतर काय झालं.

तिसरा रकाना अवघड. प्रौढ झुरळ कात टाकत नाही, त्यामुळे कापलेली मिशी परत येत नाही. कनेक्टर उपटला तर ढाल फाटते. म्हणून तार कापायची, कनेक्टर पाठीवर तसाच ठेवायचा आणि बरणीत गाजराचा तुकडा टाकायचा.