पहिल्या रिमांडच्या आधी

(दृश्य : कोल्हापूर, कसबा बावडा रस्ता, जिल्हा न्यायसंकुलाचं फाटक. पोलीस व्हॅन आत शिरते.)

सकाळचे अकरा. आरोपीला घेऊन पोलीस व्हॅन न्यायसंकुलात येते, मागोमाग दोन मोटरसायकलींवर त्याच्या घरची माणसं. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढं हजर करावं लागतं; तिथं पोलीस त्याची कोठडी मागतात, तीच रिमांड. घटनेचं कलम २२ तेच सांगतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिताही. ह्या चोवीसातले बहुतेक तास संपलेत. घरची माणसं वकील शोधतायत ते आत्ता, फाटकाशी.

वकील लागतो तो काल रात्रीच, पोलीस ठाण्यात. किंवा त्याच्याही आधी. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस अनेकदा अटक न करता ह्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, चौकशीला हजर राहण्याची नोटीस देतात. ‘अटक नाही ना, मग वकील कशाला’ म्हणत माणूस एकटाच ठाण्यात जातो आणि नको तेवढं बोलून येतो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात त्याच्याविरुद्ध चालत नाही, हे खरं. पण त्यानं सांगितलेल्या जागेवरून चाकू निघाला, तर तेवढा भाग पुरावा होतो. अटकेनंतर चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देतं. वकिलाला पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही, भेटता मात्र येतं. हे मागावं लागतं, आणि ठणकावून मागावं लागतं.

(दृश्य : टेबलावर रिमांड रिपोर्ट. बोट एकेका ओळीवरून फिरतं.)

कोर्टाच्या आत कॅमेऱ्याला मनाई आहे, म्हणून हा कागदच नीट बघूया. पोलीस कोठडी, म्हणजे पीसीआर, का हवी ह्याची कारणं इथं असतात : हत्यार जप्त करायचंय, साथीदार शोधायचेत, गाडी मिळायचीय. जाणता वकील आधी अटकेची वेळ बघतो. मग हत्याराचा पंचनामा आधीच झालाय का ते बघतो. झाला असेल, तर त्या कारणासाठी कोठडी कशाला? पुढचा प्रश्न, अटकेची कारणं आरोपीला त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली का? सर्वोच्च न्यायालयानं ६ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय की ही कारणं फार तर रिमांडला उभं करण्याच्या दोन तास आधीपर्यंत लेखी मिळालीच पाहिजेत, नाहीतर अटक बेकायदा. हा मुद्दा त्याच सकाळी उठवायचा असतो. फाटकाशी गाठलेल्या वकिलाला रिपोर्ट वाचायला पाच मिनिटंही मिळत नाहीत.

(दृश्य : वकीलपत्र. सही, खाली कोर्ट फी स्टॅम्प.)

हे वकीलपत्र. कोऱ्या कागदावर सही करू नये; आरोपीचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, कोर्ट, सगळं भरलेलं असावं. वकिलाचा सनद क्रमांक, म्हणजे बार कौन्सिलकडचा नोंदणी क्रमांक, बघावा. त्यावरून ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्यांची चालू प्रकरणं दिसतात, आणि फौजदारी किती, दिवाणी किती हेही कळतं. माणूस कळंब्याच्या तुरुंगात असेल, तर वकीलपत्र तिथं पाठवून, सहीवर अधिकाऱ्याचा शिक्का घेऊन परत आणावं लागतं. त्यात दिवस जातो.

फी ठरवताना टप्पे पाडून विचारावं : रिमांड, जामीन, खटला. नक्कल आणि टायपिंगचा खर्च त्यात धरलाय का? रिमांडला स्वतः उभे राहणार की ज्युनियर? ‘जामीन झाला तर इतके’ असा सौदा बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. जामिनाची हमी देणारा तर सरळ टाळावा.

(दृश्य : पेठेतली तालीम, बाहेर बसलेली पोरं.)

पेठेत राडा झाला की एका एफआयआरमध्ये पाच-सहा पोरांची नावं येतात, आणि मंडळ सगळ्यांना मिळून एकच वकील देतं. स्वस्तात काम होतं. पण एकाचं म्हणणं ‘मी तिथं नव्हतोच’, दुसऱ्याचं ‘मी फक्त अडवलं’. एकाला सोडवायचं म्हणजे दुसऱ्याकडं बोट दाखवायचं. तिथं वेगळा वकील घ्यावा, मंडळ रागावलं तरी.

(दृश्य : न्यायसंकुलातली पाटी, विधी सेवा प्राधिकरण.)

पैसे नसतील तर ह्याच संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. त्यांचे लोकअभिरक्षक, म्हणजे प्राधिकरणानं नेमलेले वकील, फुकट बचाव करतात, ठाण्याच्या पातळीपासून. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, स्त्रियांनाही नाही. हेल्पलाइन १५१००. ‘फुकटचा वकील’ म्हणून नाक मुरडणारे खूप भेटतात. फाटकाशी शोधलेल्या वकिलापेक्षा हा बरा, कारण तो दिवसभर फौजदारीच बघतो.

(दृश्य : भाऊसिंगजी रोड, सर्किट बेंचची इमारत.)

सत्र न्यायालयानं जामीन फेटाळला की पूर्वी मुंबई गाठावी लागायची. कोल्हापूरच्या वकिलांनी अनेक वर्षं आंदोलनं केली, कामकाजावर बहिष्कार टाकले, आणि १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं येतात. घरच्यांच्या दृष्टीनं बघायचं तर मुंबईच्या खेपा वाचल्या.

(दृश्य : कळंबा कारागृहाचं दार. हातात फाईल घेतलेले दोघे.)

जामीन मंजूर झाला तरी माणूस आत राहतो, तो बहुतेक वेळा कागदांमुळं. जामीनदाराचा सातबारा किंवा घरफाळ्याची पावती, आधार, रेशन कार्ड, फोटो, हे अर्ज टाकतानाच गोळा करून ठेवावं.

आणि एक तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. पहिल्या रिमांडच्या दिवसापासून ६० दिवसांत, किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा, जन्मठेप वा फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी पडला पाहिजे. ते सकाळी आलं आणि अर्ज दुपारी गेला, की हक्क गेला. त्यापुढं खटला, साक्षी, उलटतपासणी, निकाल, आणि शिक्षा झालीच तर अपील.