कार्लो कात्तानेओ : कालव्यांचा देश, माणसांचा देश

मिलान शहराच्या दक्षिणेला नजर जाईल तिथवर सपाट, हिरवी शेतं आहेत. कालवे, पाटचाऱ्या, भाताची खाचरं. निसर्गाने भरभरून दिलंय, असं पाहणाऱ्याला वाटतं. इटालियन विचारवंत आणि लेखक कार्लो कात्तानेओ यांना ते मान्य नव्हतं. या जमिनीचा नऊ-दशांश भाग आपल्या हातांनी घडवलाय, असं त्यांनी लिहून ठेवलं. कितीतरी पिढ्यांनी पाणी वळवलं, दलदली उपसल्या, तेव्हा कुठे ही मायभूमी झाली.

जन्म १८०१ चा, मिलानमधल्या एका सोनाराच्या घरातला. शाळामास्तरकी केली, आणि १८३९ मध्ये ‘इल पोलितेक्निको’ हे नियतकालिक सुरू केलं. मिलान ज्यात येतं त्या लोंबार्दी प्रांतावर तेव्हा ऑस्ट्रियाचं राज्य होतं, लिखाणावर सेन्सॉरची नजर. कात्तानेओ लिहीत होते रेल्वेवर, तुरुंगांवर, शेतीवर. ज्यूंना जमीन घ्यायला बंदी करायची, सावकारीत ढकलायचं आणि मग त्याच पैशावरून त्यांचा द्वेष करायचा, हा अन्याय त्यांनी अर्थशास्त्राच्या भाषेत उलगडून दाखवला. त्या काळात हे लिहायला धैर्य लागत होतं.

मार्च १८४८. मिलान ऑस्ट्रियाविरुद्ध पेटून उठलं. सशस्त्र उठावाची वेळ अजून आलेली नाही, असं त्यांचं मत होतं. पण लोक रस्त्यावर उतरले तेव्हा ते युद्धसमितीत बसले. गल्लोगल्ली अडथळे रचले गेले. खगोलशास्त्रज्ञ उंच मनोऱ्यांवरून शत्रूच्या हालचाली टिपत आणि चिठ्ठ्या तारेवरून खाली सोडत. अनाथाश्रमातली पोरं निरोप घेऊन धावत. वेढलेल्या शहरातून खेड्यांसाठीची पत्रकं छोट्या फुग्यांतून उडवली गेली. ऑस्ट्रियन सेनापती राडेट्झ्की यांनी युद्धविराम देऊ केला, काही मोठी मंडळी डळमळली. कात्तानेओ यांनी ठाम नकार दिला. पाचव्या दिवसाअखेर ऑस्ट्रियन फौज शहर सोडून निघाली.

ऑगस्टमध्ये ती परतली. कात्तानेओ यांना देश सोडावा लागला. स्वित्झर्लंडमध्ये, लुगानो तळ्याकाठी कास्तान्योला इथे त्यांनी घर केलं आणि लुगानोच्या विद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. आल्प्स ओलांडणारी रेल्वे गोट्टहार्ड या घाटमार्गानेच जावी, यासाठी झटले.

इटली एक झाली, पण एका राजाखाली, एकाच राजधानीच्या हुकमावर. त्यांना हवं होतं संघराज्य: प्रत्येक शहराने, प्रत्येक प्रांताने आपला कारभार आपल्या हाती ठेवायचा. लोकांनी त्यांना संसदेवर निवडून दिलं, एकदा नव्हे, अनेकदा. सभागृहात बसायचं तर राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. १८६७ मध्ये ते तेव्हाच्या राजधानीत, फ्लॉरेन्सपर्यंत गेलेही, पण शपथ घेतली नाही, सभागृहात पाऊल ठेवलं नाही, आणि कास्तान्योलाला परतले. तिथेच १८६९ च्या फेब्रुवारीत त्यांचं निधन झालं.