मुक्कामी विमान

[दृश्य: पुणे विमानतळ, पहाटे पाच. काचेपलीकडे उभं विमान.]

लोहगावच्या विमानतळावर पहाटे पाचला रांगेत जांभया देणाऱ्या कुणालाच ही वेळ मनापासून आवडत नाही. घरातून तीनला निघायचं, टॅक्सीवाल्याला रात्रीच दोनदा फोन करून ठेवायचा, आणि झोप लागलीच तर गजराच्या धाकातली. तरीही सरावलेला प्रवासी हीच वेळ मुद्दाम निवडतो. कारण समोर उभं असलेलं विमान आदल्या रात्रीच इथं येऊन थांबलेलं आहे. गावातल्या मुक्कामी एसटीसारखं. ते कुठून यायचं बाकी नाही, ते डोळ्यांसमोर आहे.

संध्याकाळच्या विमानाचं तसं नसतं.

समजा, हेच विमान सकाळी सहाला पुण्याहून दिल्लीला गेलं. तिथून पाटणा, पाटण्याहून परत दिल्ली, मग बंगळुरू, आणि रात्री पुन्हा पुणे. प्रत्येक ठिकाणी ते साधारण अर्धा तास थांबतं. तेवढ्यात दीडशेवर माणसं उतरतात, केबिन झाडली जाते, इंधन भरलं जातं, सामान खाली-वर होतं आणि नवे दीडशे लोक बसतात. दिल्लीत सकाळी धुक्याने दीड तास खाल्ला, तर तो दीड तास पाटण्याला पोचतो, बंगळुरूला पोचतो आणि रात्री पुण्याला येणाऱ्यांच्या वाट्याला येतो. बंगळुरूच्या गेटवर बसलेल्या माणसाला बाहेर स्वच्छ आभाळ दिसत असतं आणि पडद्यावर 'विलंब' लिहिलेलं असतं. त्याला वाटतं कंपनी खोटं बोलतेय. कंपनी अनेकदा खरंच बोलत असते, फक्त अर्धवट.

[दृश्य: धावपट्टीलगत इंधनाचा टँकर, सामानाच्या ट्रॉल्या, घाईने चढणारे सफाई कर्मचारी.]

स्वस्त विमानसेवेचं गणित याच अर्ध्या तासात आहे. भारतात 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मांडून दाखवलं. जमिनीवर उभं असलेलं विमान कमावत नाही, पण त्याच्या मालकाला कंपनीने द्यायचं भाडं चालूच राहतं. म्हणून ते दिवसातले बारा-तेरा तास आभाळात ठेवायचं. शक्यतो एकाच जातीची विमानं घ्यायची, म्हणजे कोणताही वैमानिक कोणत्याही विमानात बसू शकतो आणि सुटे भागही तेच लागतात. जेवण वेगळं, सीट निवडणं वेगळं, जास्तीचं सामान वेगळं. आणि राखीव म्हणून विमानं, माणसं, वेळ कमीत कमी ठेवायची.

तिकीट स्वस्त होतं ते हा राखीव साठा कापून. सँडविचचे वेगळे पैसे घेऊन काही एवढं वाचत नाही. वेळापत्रकात जी सवड असायला हवी होती ती कंपनीने काढून घेतलेली असते, आणि काही बिनसलं की तीच सवड प्रवाशाला आपल्या पदरची घालावी लागते. आपली रात्र, आपली रजा, आपल्या खिशातलं हॉटेल.

बहुतेक दिवस हे लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते उत्तरेत धुकं पडतं तेव्हा.

[दृश्य: दाट धुकं. विमानाच्या शेपटीचा फक्त दिवा दिसतो.]

14 जानेवारी 2024. गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान आधीच तासन् तास उशिरा सुटलेलं. दिल्लीत धुकं, म्हणून ते मुंबईकडे वळवलं गेलं. मुंबईत उतरल्यावर कंटाळलेले प्रवासी खाली आले आणि विमानाशेजारी धावपट्टीच्या परिसरातच मांड्या घालून जेवायला बसले. तो व्हिडिओ देशभर फिरला. त्यावर विनोद झाले, आणि सुरक्षेच्या नियमभंगाबद्दल कंपनीला 1 कोटी 20 लाखांचा दंडही झाला. मुंबई विमानतळ चालवणाऱ्या कंपनीलाही वेगळा दंड बसला. त्या प्रवाशांना बेशिस्त म्हणणारेही पुष्कळ निघाले. इतके तास बंद विमानात काढल्यावर मोकळी हवा आणि जेवणाचा डबा एकत्र मिळाला, तर कोण आत बसून राहील?

धुकं निदान निसर्गाचं असतं. डिसेंबर 2025 मध्ये आभाळ स्वच्छ होतं.

[दृश्य: विमानतळावर खच्चून भरलेला हॉल. जमिनीवर झोपलेली माणसं, सुटकेसांचे ढीग.]

गोष्ट सुरू होते वैमानिकांच्या झोपेपासून. ऑगस्ट 2023 मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याला विमान घेऊन निघालेला इंडिगोचा एक वैमानिक बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि दगावला. त्याला आधी पुरेशी विश्रांती मिळाली होती असं कंपनीने सांगितलं, आणि थकवा हेच कारण होतं असं म्हणता येत नाही. पण वैमानिकांच्या थकव्याची चर्चा त्यानंतर थांबली नाही. जानेवारी 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास. रात्रीच्या ड्युटीत पूर्वी जास्तीत जास्त सहा लँडिंग चालत, ती आता दोन. रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मोजायची. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटचा टप्पा लागू झाला 1 नोव्हेंबर 2025 ला.

तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली होती. तरी दिवसाला सुमारे 2,200 उड्डाणं करणाऱ्या, देशातल्या साठ टक्क्यांहून जास्त प्रवाशांना नेणाऱ्या इंडिगोकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुरेसे वैमानिक नव्हते. विमानं होती, ती उडवायला माणसं नव्हती.

पुण्यात याचा एक विचित्र परिणाम दिसला. वैमानिक नसलेली विमानं जागच्या जागी उभी राहिली. लोहगावला विमानं लावायच्या जागा मोजक्याच, कारण हा मुळात हवाई दलाचा तळ. त्यातल्या बहुतेक जागा या ताटकळलेल्या विमानांनी अडवल्या. मग दुसऱ्या कंपन्यांची वेळेवर आलेली विमानंही लावायची कुठे? ज्यांनी इंडिगोचं तिकीट काढलंच नव्हतं, तेही अडकले.

5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. दिल्लीहून इंडिगोची देशांतर्गत विमानं त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सुटलीच नाहीत. त्याच आठवड्यात एक नवपरिणीत जोडपं भुवनेश्वरला अडकलं, आणि हुबळीत त्यांच्याच स्वागत समारंभाला पडद्यावरून हजर राहिलं. स्टेजवरच्या खुर्च्यांत मुलीचे आईवडील बसले, पाहुण्यांनी पडद्याकडे बघून आशीर्वाद दिले. जेवणाच्या पंगती मात्र ठरल्या वेळी उठल्या असणार. लग्नघरात तेवढं एक थांबत नाही.

[दृश्य: रात्रीचा समृद्धी महामार्ग.]

माणसं मग आपापल्या वाटा शोधायला लागली. 8 डिसेंबरला नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होणार होतं. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो पूर्ण खुला झालेला. विमानाचा सव्वा-दीड तास गाडीने आठ-नऊ तास होतो, पण तो आपल्या हातात असतो. रेल्वेने देशभरातल्या 37 गाड्यांना 116 जादा डबे जोडले. मुंबई, पुणे, नागपूरहूनही विशेष गाड्या सुटल्या. तोवर उरलेल्या विमानांची भाडी इतकी भडकली की 6 डिसेंबरला सरकारला मर्यादा घालावी लागली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, हजारपर्यंत 12,000, दीड हजारपर्यंत 15,000, त्यापुढे 18,000. कर आणि विमानतळाचं शुल्क वेगळं.

या गर्दीत कुणाचं निभावलं, हे पाहण्यासारखं आहे. गेटवर आरडाओरडा करणाऱ्यांचं फारसं नाही. काउंटरवरच्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला विमान का आलं नाही हे तिच्या पडद्यावर दिसेल तेवढंच कळतं, आणि वैमानिक तर ती आणूच शकत नाही. निभावलं ते रांगेत उभं राहून त्याच वेळी मोबाइलवर पुढचं तिकीट शोधणाऱ्यांचं, आणि आपलं विमान सध्या कुठे आहे हे पाहायची सवय असलेल्यांचं. विमानांचा माग दाखवणारी अॅप फुकट मिळतात. तुमचं विमान सात वाजता सुटणार असं संदेश सांगत असेल आणि ते अजून जयपूरला उभं असेल, तर खरी वेळ तुम्ही कंपनीच्या आधी सांगू शकता.

ज्यांनी घाबरून स्वतःच तिकीट रद्द केलं, त्यांच्या पदरी कापलेले पैसे येऊ शकतात. कंपनीने विमान रद्द केलं तर पूर्ण रक्कम परत मिळते; आपण रद्द केलं तर शुल्क कापून उरेल तेवढीच. त्यामुळे जाणकार प्रवासी रागावतो, पर्याय शोधतो, पण रद्द करायचं बटण दाबत नाही. आलेल्या प्रत्येक संदेशाचा स्क्रीनशॉट ठेवतो. आणि औषधं, चार्जर, एक जोडी कपडे, लग्नाला निघाला असेल तर दागिने, हे सगळं हातातल्या सात किलोंत बसवतो. डिसेंबरात मालक एका शहरात आणि सुटकेस दुसऱ्या शहरात, अशी गत हजारोंची झाली. सरकारला 48 तासांत सामान घरपोच करण्याचा आदेश काढावा लागला.

[दृश्य: विमानतळावरचा फूड कोर्ट. चहाच्या किमतीचा फलक.]

नियमांत प्रवाशाच्या बाजूने बरंच काही आहे, ते कुणी मागत नाही. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड प्रवाशाची. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल. मागितलं तर अनेकदा मिळतं. न मागता सहसा एक बिस्किटाचा पुडा आणि पाण्याची बाटली.

रोख भरपाईचं मात्र हसू येतं. ऐनवेळी, चोवीस तासांच्या आत, विमान रद्द झालं तर प्रवासाच्या लांबीनुसार 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपये, असं ऐकायला बरं वाटतं. पुढची ओळ अशी की, ही रक्कम किंवा तिकिटाचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे सेलमध्ये अठराशेला मिळालेल्या तिकिटाची भरपाई फार तर तेवढीच. आणि हवामान, हवाई नियंत्रण, सुरक्षा असं काही कारण असेल तर तीही नाही. नुसत्या उशिराबद्दल पैसे मिळतच नाहीत. युरोपात तीन तासांच्या उशिरानंतर 250 ते 600 युरो मागता येतात, मग विमान स्वस्त कंपनीचं का असेना.

एक संकट असं की त्यात नियमही कामाला येत नाहीत. 3 मे 2023 ला गो फर्स्टची विमानं थांबली. आदल्याच दिवशी वाडिया समूहाच्या या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. इंजिनं वेळेवर मिळत नाहीत म्हणून निम्मी विमानं जमिनीवर होती असं तिचं म्हणणं. उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं काढलेली कुटुंबं एका रात्रीत कंपनीची प्रवासी राहिली नाहीत, तिची धनको झाली. बँका आणि विमानांचे मालक यांच्यामागे, रांगेच्या पार शेवटी. जानेवारी 2025 मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळण्याचा, आदेश झाला. क्रेडिट कार्डाने पैसे भरलेल्यांना निदान बँकेकडे तक्रार नोंदवायचं एक दार होतं.

म्हणून पुण्यातली मंडळी परदेशी जाताना काय करतात ते पाहा. पुणे ते दिल्ली स्वस्त विमान आणि दिल्लीहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर, असा मोह त्यांना होत नाही असं नाही. पण पहिलं चुकलं तर दुसरी कंपनी ओळख देत नाही. अटलांटिक पलीकडचं महागडं तिकीट हातातून जातं. त्यापेक्षा सात-आठ तास आधी शेअर टॅक्सी करून मुंबई गाठलेली बरी. लोणावळ्यात वडापाव खायला वेळ उरतो, आणि घाटात गाडी तुंबली तरी जीव टांगणीला लागत नाही. कोकणातले लोक याहून सावध. चिपीचं विमानतळ 2021 मध्ये सुरू झालं तेव्हा कौतुक खूप झालं, पण विमानं कधी असतात, कधी नसतात. गणपतीला जायचं ठरलं की आधी रेल्वेचं आरक्षण, मग जमलं तर विमान. आरक्षण नंतर रद्द करता येतं. गणपती पुढे ढकलता येत नाहीत.

[दृश्य: विमानतळ पुन्हा रिकामा. कन्व्हेयर बेल्टवर एकच सुटकेस फिरते आहे.]

जानेवारी 2026 मध्ये डीजीसीएने चौकशीचा निष्कर्ष सांगितला. 3 ते 5 डिसेंबर या तीन दिवसांत 2,507 उड्डाणं रद्द, 1,852 उशिरा, तीन लाखांहून जास्त प्रवासी अडकलेले. कारणांत पहिलं हे की माणसं, विमानं आणि वेळापत्रक इतकं ताणून वापरलं होतं की राखीव असं काही उरलंच नव्हतं. दंड झाला 22 कोटी 20 लाखांचा. तो सरकारजमा होतो. सर्वाधिक त्रास झालेल्या प्रवाशांना कंपनीने, नियमाने मिळणाऱ्या भरपाईशिवाय, 10,000 रुपयांची व्हाउचर देऊ केली. बारा महिन्यांच्या आत वापरायची, त्याच कंपनीच्या विमानात.