एस्टोनियात नफ्यावर कर लागतो तरी कधी?

मंडळी, एस्टोनिया हा युरोपातला देश लोकसंख्येने आपल्या नाशिक शहराएवढाही नाही. १९९१ मध्ये तो पुन्हा स्वतंत्र झाला आणि १९९४ पासून त्याने सगळ्यांना सरसकट २६ टक्के आयकर लावला. पंतप्रधान मार्ट लार यांच्या सरकारचा हा निर्णय. स्लॅब नाहीत म्हटल्यावर आपल्याकडच्या सीए मंडळींना जरा चुकल्याचुकल्यासारखं होईल!

खरी गंमत आहे ती २००० सालापासूनची. तेव्हापासून कंपनीने नफा कमावला म्हणून कर लागत नाही. पैसे कंपनीत ठेवा, यंत्रं घ्या, नाहीतर बँकेत पडू द्या, कर शून्य. लाभांश वाटला की मात्र कर आला. आज दर २२ टक्के आहे. १०० युरो नफा वाटायचा तर २२ सरकारला, ७८ मालकाच्या हातात, आणि मालकाला त्या ७८ वर तिथे पुन्हा आयकर नाही. जॉर्जियाने २०१७ मध्ये आणि लाटव्हियाने २०१८ मध्ये हीच वाट धरली.

आता घसारा, म्हणजे यंत्रं झिजल्याचा खर्च, किती धरायचा, कुठला खर्च वजा मिळणार, ही आपली नेहमीची भांडणं तिथे जवळपास उरत नाहीत. करासाठी वेगळा नफा काढायचाच नसतो ना! पण भांडण संपलं असं समजू नका, ते दुसऱ्या दारी गेलंय. पैसा आडमार्गाने मालकाकडे पोचला का, एवढंच करखातं बघतं. कंपनीच्या गाडीतून साहेब घरी जातात? मग इंजिनाच्या ताकदीवर, दर किलोवॉटला महिना १.९६ युरो, असा त्या सुखाचा भाव धरतात. १०० किलोवॉटची गाडी म्हणजे १९६ युरो. त्यावर आयकर आणि सामाजिक कर (पेन्शन आणि आरोग्य विम्यासाठीचा) मिळून सुमारे १३८ युरो कंपनीने भरायचे. गाडी कुणी किती पळवली, याची चौकशी नाही. मला ही युक्ती फार आवडते. लॉगबुकात खोटे किलोमीटर लिहायचं कामच संपलं.

पगाराचं गणित मात्र कडक आहे. २०२६ मध्ये २,००० युरो पगार धरू. त्याच्या वर मालक ३३ टक्के सामाजिक कर, म्हणजे ६६० युरो, आणि बेरोजगारी विम्याचे १६ युरो भरतो. त्याला माणूस पडतो २,६७६ युरोंना. कर्मचाऱ्याचे विम्यात ३२, पेन्शन खात्यात ४० जातात. महिना ७०० युरो करमुक्त. उरलेल्या १,२२८ वर २२ टक्के. हातात येतात साधारण १,६५८. तेच २,६७६ लाभांश म्हणून काढले तर २,०८७ मिळतात! म्हणून छोट्या कंपनीचा मालक पगार नावापुरता घेतो आणि बाकीचं लाभांशात काढतो. पण काम स्वतः करायचं आणि पगार घ्यायचा नाही, हे करखात्याला खपत नाही. ते अशा लाभांशाला पगार ठरवू शकतं. शिवाय पेन्शन आणि आरोग्य विमा सामाजिक करातूनच येतात, तेव्हा तो चुकवणाऱ्याचं नुकसान पुढे कधीतरी होतंच. माझ्या मते या पद्धतीची सगळ्यात कच्ची बाजू हीच.

जाता जाता ई-रेसिडेन्सीबद्दल, कारण हा प्रश्न पुण्या-मुंबईत हमखास येतो. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या योजनेत डिजिटल ओळखपत्र मिळतं, घरबसल्या तिथे कंपनी काढता येते. पण त्याने तुम्ही एस्टोनियाचे करदाते रहिवासी होत नाही. तुम्ही भारतात राहत असाल तर जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब इथेच द्यायचा, त्या कंपनीचा पगार आणि लाभांश धरून. कामकाज पुण्यातून चालत असेल तर कंपनीच्या नफ्यावरही आपलं आयकर खातं हक्क सांगू शकतं. भारत आणि एस्टोनियात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. कंपनी काढण्याआधी तो सीएसमोर ठेवून वाचा.